गोडे पाणी, खारे पाणी

सुरतच्या लिंबायत भागात एक खाडी आहे. तिचे नाव मीठी खाडी. आपल्या मराठी कानाला त्यात मीठ ऐकू येते, गुजराती माणसाला ती गोड वाटते. गंमत म्हणजे गुजरातीत 'मीठुं' हा शब्द गोडालाही चालतो आणि मिठालाही! पावसाळ्यात ही खाडी फुगली की लिंबायतच्या गल्ल्यांत पाणी शिरते आणि लोकांना बाहेर काढायला अग्निशमन दलाच्या होड्या येतात. एरवी मात्र लिंबायतचा होडीशी काही संबंध नाही. ही वस्ती कापडधंद्याची. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटापाण्यासाठी आलेली मराठी माणसे इथे पिढ्यान् पिढ्या राहिली आहेत. दुकानावरची पाटी गुजराती आणि गल्ल्यावरचे बोलणे अहिराणी, असा इथला थाट.

अशा ठिकाणी मी एका ट्रॉलरसाठी नळ आणि व्हॉल्व्ह शोधत फिरलो. हे सांगितल्यावर मालीमच्या जेटीवर लोक हसले, पण त्याला कारण होते.

माझ्या मामेभावाचा लाकडी ट्रॉलर आहे. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि ते एकसष्ट दिवस म्हणजे बोटींच्या दुरुस्तीचे दिवस. इंजीन थंड ठेवायला समुद्राचे पाणी आत घेतात. त्यासाठी बोटीच्या तळाला भोक असते आणि त्यावर एक व्हॉल्व्ह, ज्याला सीकॉक म्हणतात. यंदा तो सोडवायला गेले तर दांडा हातातच आला. तुटलेल्या जागी पितळेचा पिवळा रंग नव्हता. विटेसारखा गुलाबी, भुसभुशीत धातू होता. बाहेरून मात्र सगळे धडधाकट दिसत होते.

मी तेव्हा मित्राकडे लिंबायतला जायच्या तयारीत होतो. भाऊ म्हणाला, "पितळेचें सामान गुजरातांत सवाय मेळटा, थंयच पळय." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. जामनगर तर पितळेच्या सुट्या भागांसाठी देशभर प्रसिद्ध आहे आणि तो माल गुजरातेत गल्लोगल्ली मिळतो.

मित्राने मला ओळखीच्या हार्डवेअरवाल्याकडे नेले. मूळचा खानदेशातला, साठीचा माणूस. त्याने काउंटरवर चकचकीत व्हॉल्व्हची रांगच मांडली. मी माप सांगितले, इंच. दाब सांगितला. मग त्याने विचारले, "भाऊ, पानी गोड का खारं?"

मी म्हटले, समुद्राचे. त्याने एकेक करून सगळे व्हॉल्व्ह परत खोक्यात भरले. म्हणाला, "मग हे नको. घरात वीस वर्षं चालेल, समुद्राची ग्यारंटी मी देनार नाही."

नेहमीच्या पितळेत साधारण साठ भाग तांबे आणि चाळीस भाग जस्त असते. खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त हळूहळू निघून जाते. आकार तसाच राहतो, आटे तसेच राहतात, पण मागे उरते ते तांब्याचे सच्छिद्र भूस. पाण्याखाली अर्ध्या मीटरवरचा इंचभर व्हॉल्व्ह तुटला तर मिनिटाला पन्नास-साठ लिटर पाणी आत येते, म्हणजे तासाला तीन हजार लिटर. रात्री खलाशी झोपलेले असताना हे घडले तर काय होईल, हे दर्याकाठच्या माणसांना सांगायला नको.

मग घालायचे काय? गनमेटल. यात साधारण पंच्याऐंशी टक्के तांबे, थोडे जस्त, थोडे शिसे आणि मुख्य म्हणजे कथील. आपल्या आजीला हे कथील चांगले ठाऊक होते. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ती सोलकढी कधी ठेवत नसे. आंबटाने पितळ कळकते, म्हणून आतून कथलाचा हात. स्टेनलेसचे काय, असेही मी विचारले. ते वाहत्या पाण्यात टिकते, पण फटीत, जिथे पाणी कोंडते आणि प्राणवायू पोचत नाही, तिथे त्याला गुपचूप खड्डे पडतात. आणि वेगवेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडले गेले की त्यातला दुबळा आधी झिजतो. म्हणूनच बोटीच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात, दुसऱ्यांसाठी झिजायला!

दुकानदाराने आणखी एक वाट सांगितली, अलंगची. तिथे 1983 पासून जुनी जहाजे तोडतात आणि त्यांतले नळ, व्हॉल्व्ह, भांडी, पलंग रस्त्याकडेच्या 'खाड्यां'तून विकले जातात. हजिऱ्याहून घोघ्याला 2020 च्या नोव्हेंबरात फेरीबोट सुरू झाली, त्यामुळे सुरतकरांना खंबातचे आखात वळसा न घालता ओलांडता आले. जहाजाचा गनमेटलचा व्हॉल्व्ह तिथे निम्म्या भावात मिळेल, हे खरे. पण तो आधी किती वर्षे समुद्रात होता आणि त्याचे किती आयुष्य उरले आहे, हे वरून कसे कळणार? तुटलेला दांडाही वरून धडधाकटच होता. मी गेलो नाही.

लिंबायतहून मी एकच वस्तू आणली, पिण्याच्या पाण्याच्या टाकीचा पितळी नळ. टाकी डेकवर, पाणी गोडे. तिथे तेच पितळ वर्षानुवर्षे सुखाने नांदेल. धातू वाईट नव्हता, त्याचे पाणी वेगळे होते. खानदेशातून उठून परक्या भाषेच्या शहरात मुरलेल्या त्या माणसाला हे पुस्तकातून शिकावे लागले नसावे.

सीकॉक मुंबईहून बोटींचे सामान विकणाऱ्याकडून मागवला, नवा, गनमेटलचा. किंमत तिपटीहून जास्त. भाऊ दोन दिवस कुरकुरला. "दिसपाक दोनूय सारकेच," म्हणाला. मी जुन्या दांड्याचा गुलाबी तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो नखाने खरवडला, भुगा पडला, आणि पैसे काढून दिले.

जुलैअखेर ट्रॉलर मांडवीत उतरवला. नारळ वाढवायच्या आधी भाऊ खाली गेला आणि त्या व्हॉल्व्हभोवती बोटे फिरवून वर आला. बोटे कोरडी होती.