पांदणीतली वीज : जीपच्या जुन्या चार्जिंग वायरीस अनावृत पत्र

बुलढाणा

जुन्या चार्जिंग वायरीस,


पत्र लिहायला बसलो आणि लक्षात आलं, तुला नावच नाही. डायनॅमोला नाव आहे, कटआऊटला आहे, बॅटरीच्या अंगावर तर कंपनीचं स्टिकर असतं. तू नुसती वायर. डायनॅमोकडून निघायचं, कटआऊटच्या डबीतून अँपिअर मीटरला जायचं, तिथून परत बोनेटखाली येऊन बॅटरीला भेटायचं, एवढाच तुझा जन्म. पत्र अनावृत आहे, कारण तू ते वाचणार नाहीस. पण जिल्ह्यात ज्यांच्या अंगणात अजून जुनी जीप उभी आहे आणि जे डायनॅमो उतरवून अल्टरनेटर चढवायच्या बेतात आहेत, त्यांनी वाचावं. माफी तुझी मागायची आहे. सांगायचं त्यांना आहे.

आपली जीप १९७४ ची. वडिलांनी सरकारी लिलावात घेतली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी विलिसचे सुटे भाग मागवून मुंबईत जीप जोडायला घेतल्या, त्या घराण्यातली ही पेट्रोलवाली. चिखलीच्या बाजारापासून लोणारच्या सरोवरापर्यंत आणि शेगावच्या दर्शनापासून सैलानीच्या यात्रेपर्यंत तिनं घरची आणि गावची माणसं वाहिली. त्या काळात तुझ्यावरचा भारही बेताचा होता. डायनॅमो २२ अँपिअरचा. दोन हेडलाइट, मागचे दिवे, हॉर्न, वायपर. सगळं मिळून पंधराच्या आसपास. डायनॅमोची ऐपत तेवढी, म्हणून तुझी जाडी तेवढी. कुणीतरी हिशेब करून तुला निवडलं होतं, हे मला पन्नास वर्षांनी कळलं.

डायनॅमोची खोड सगळ्यांना ठाऊक होती. त्यात वीज फिरत्या भागात तयार होते आणि सगळीच्या सगळी कार्बनच्या ब्रशांतून बाहेर काढावी लागते. इंजिन पळतंय तोवर ठीक. गाडी उभी, इंजिन हळू, की त्याचं व्होल्टेज बॅटरीच्या खाली जातं आणि कटआऊटमधलं रिळ टक् करून नातं तोडतं. नाहीतर बॅटरीच उलटी डायनॅमोत रिकामी व्हायची. म्हणजे उभ्या गाडीत दिवे लावले तर खर्च सगळा बॅटरीचा, जमा शून्य. रस्त्यावर हे चालून गेलं. शेतात नाही. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी रात्री अकरा-बारापर्यंत चालते, लाइट कधी येईल भरवसा नाही, आणि मळणी यंत्रावर उजेड पाडायला जीप लावायची ही आपल्याकडची जुनी रीत. इंजिन चालू ठेवलं तरी तासाभरात हेडलाइट पिवळे पडायचे. मग चार पोरांना हाक मारून धक्का.

म्हणून मी अल्टरनेटर बसवायचं ठरवलं. त्याची रचना उलटी. मोठा करंट तयार होतो तो न फिरणाऱ्या गुंडाळीत. कार्बनमधून आत जातो तो फक्त चुंबक जागवणारा दोन-चार अँपिअर. बाहेर येणारी उलटसुलट वीज डायोड सरळ करतात आणि बॅटरीला उलटी फिरू देत नाहीत, त्यामुळे कटआऊटची गरजच संपते. हे सिलिकॉनचे डायोड पुरेसे स्वस्त झाले, तेव्हा १९६० मध्ये अमेरिकेत क्रायस्लरनं व्हॅलियंट गाडीला अल्टरनेटर कारखान्यातूनच बसवून दिला. आपल्या अंगणात ती सोय यायला आणखी काही दशकं गेली.

मी आणला तो जुन्या बाजारातला ६५ अँपिअरचा. लेथवाल्याकडून ब्रॅकेट करून घेतलं. पुली एका रेषेत आली, फॅन बेल्ट अंगठ्यानं दाबला की अर्धा इंच दबेल इतका ताणला. तुझ्याकडे बोट दाखवून मिस्त्रीला विचारलं, हिचं काय? तो म्हणाला, "वायर कायले काढता भाऊ? चांगली चालून राहिली ना." मीही पुढे विचारलं नाही. सात-आठ हजारांचा खर्च झाल्यावर चार-पाचशेच्या केबलला हात आखडता घेतला. कटआऊट बाजूला केला, तुझी दोन टोकं एका नटात आवळली, आणि संध्याकाळी हेडलाइट पांढरे शुभ्र लागल्यावर पेढेही वाटले.

ती रात्र मोताळ्याची. मित्राच्या शेतात मळणी होती. नवा अल्टरनेटर आहे या घमेंडीत मी पेट्रोल वाचवायला इंजिन बंद ठेवलं आणि दिवे दोन तास चालू. बॅटरी तळाला गेली. धक्का मारून गाडी सुरू केली, सोयाबीनची सात पोती मागे टाकली आणि बुलढाण्याला निघालो. अँपिअर मीटरचा काटा उजवीकडे जाऊन ३० च्या खिळ्याला टेकला तो हलेचना. मला आनंद झाला. वाटलं, काय जोरात भरतोय!

राजूर घाट चढताना आधी वास आला. गरम रबराचा, नंतर गोडसर, जळक्या प्लास्टिकचा. डॅशबोर्डाखालून धूर निघाला. इंजिन बंद केलं, तरी धूर थांबेना. कारण तुझं एक टोक अल्टरनेटरला असलं तरी दुसरं बॅटरीला होतं. साल वितळली, तांबं डॅशच्या पत्र्याला टेकलं आणि आता बॅटरीच तुझ्यातून वाहत होती. मध्ये फ्यूज नाही. जुन्या जीपला चार्जिंगच्या वाटेवर फ्यूज असायचाच नाही. बोनेट उघडून टर्मिनलचा नट पकडीनं फिरवला, दोनदा पकड निसटली, तिसऱ्यांदा सुटला. पोत्यांवरचं गोणपाट डॅशवर दाबून धरलं. मग घाटात नुसता अंधार.

सकाळी दुसऱ्या मिस्त्रींनी तुला बाहेर ओढलं. अँपिअर मीटरच्या नटापाशी तू काळी पडून तुटली होतीस. टोकाचा लग सैल, त्याखालचं तांबं हिरवट. हातभर अंतरावर साल फुगून सुरकुतलेली. त्यापुढे मात्र तू अगदी धडधाकट. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "समृद्धी हायवेची ट्रॅफिक शेताच्या पांदणीत घातली तुमी."

नंतर वहीत हिशेब मांडला. तू अडीच चौरस मिलिमीटरची, लांबी साधारण तीन मीटर. तांब्याच्या हिशेबानं तुझा अडथळा ०.०२१ ओहम. पंधरा अँपिअरला तू सुमारे एक तृतीयांश व्होल्ट खायचीस, आणि उष्णता पाच वॅटसुद्धा नाही. त्या रात्रीचे चाळीस अँपिअर धरले, तर ०.८४ व्होल्ट आणि जवळजवळ ३४ वॅट. करंट पावणेतीन पट झाला तर उष्णता सातपट होते. मिस्त्रींच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न ३५ वॅटचं असतं. तसलं एक आयर्न मी तुझ्या सालीत कोंबून घाट चढत होतो. त्यात सैल नटाची भर वेगळी.

जळली नसतीस तरी काम अर्धवटच झालं असतं. अल्टरनेटरच्या पाठीवर १४.२ व्होल्ट असताना बॅटरीपर्यंत १३.४ च पोचत होते. तेवढ्यात बॅटरी लवकर भरत नाही. लोक मग म्हणतात, अल्टरनेटर हलका निघाला, आणि त्याहून मोठा आणून बसवतात. पांदणीत आणखी एक ट्रक.

म्हणून वाचणाऱ्यांनो, यंत्र घेण्याआधी रस्ता मोजा. साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू, हेडलाइट चालू. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मोठ्या नटावर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. पाव व्होल्टच्या आत आकडा आला तर वाट मोकळी. जास्त आला तर तेवढं व्होल्टेज वाटेत जळतंय. मग एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी अल्टरनेटरच्या अंगावर ठेवून परतीचा रस्ताही मोजा. आमच्या ब्रॅकेटला लेथवाल्यानं छान काळा रंग मारला होता. त्या रंगातून वीज कशी परतणार? तो खरवडला, इंजिन ते चेसिस तांब्याची नवी अर्थिंग पट्टी टाकली.

तुझ्या जागी आता सोळा चौरस मिलिमीटरची केबल आहे, अल्टरनेटरपासून थेट बॅटरीच्या प्लसवर, डॅशबोर्डात न शिरता. लग हातोडीनं ठोकलेले नाहीत, यंत्रानं दाबलेले. बॅटरीच्या अगदी जवळ ८० अँपिअरचा फ्यूज. जवळ अशासाठी की शॉर्ट झाला तर शेकडो अँपिअर सोडायची ताकद बॅटरीत असते. फ्यूज दुसऱ्या टोकाला ठेवला तर मधली वायर उघड्यावरच. दिव्यांची वाट वेगळी केली, तिचा फ्यूज वेगळा. अँपिअर मीटर जागेवर आहे, पण नुसता शोभेला. ३० च्या तबकडीतून ६५ न्यायचे नसतात. शेजारी व्होल्टमीटर बसवला. तो पातळ वायरीवर चालतो आणि खरं सांगतो.

वायरीइतकेच आमचे हातही जुने होते. डायनॅमो चार्ज करतो का हे बघायला इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, इंजिन बंद पडलं नाही की पास, अशी आपल्याकडची परीक्षा. वडिलांनी मला ती शिकवली, मी पोराला. अल्टरनेटरला ती घ्यायची नाही. भरात असताना बॅटरी सुटली तर व्होल्टेज क्षणात उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर जातात. बॅटरी उलटी जोडली तरी तेच. वेल्डिंग करायचं तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्हींच्या वायरी मोकळ्या करायच्या. हे मी गॅरेजच्या दारावर खडूनं लिहून ठेवलंय, मुख्यतः माझ्यासाठी.

आता तुझं. जळका भाग भंगारात दिला, ते लपवत नाही. धडधाकट होता तो तुकडा मिस्त्रींनी फेकू दिला नाही. आमच्या जीपला चार्जिंगचा लाल दिवा नव्हता. त्यांनी डॅशला छोटं भोक पाडून २.२ वॅटचा बल्ब बसवला आणि त्या बल्बपासून अल्टरनेटरपर्यंत तुला ओढलं. मी म्हटलं, एवढ्याशा बल्बला एवढी वायर? ते म्हणाले, "बल्ब नाही भाऊ, हे त्याले उठवते."

खरंच तसं आहे. किल्ली फिरवली की बल्बमधून जाणारा दोन दशांश अँपिअरसुद्धा नसलेला करंट अल्टरनेटरच्या चुंबकाला पहिली जाग आणतो. तो गेला नाही तर इंजिनचा वेग बराच चढेपर्यंत ६५ अँपिअरचा गडी झोपूनच राहतो. त्याची कमाई वाहायचं तुझं काम गेलं. त्याला रोज उठवायचं काम आता तुझ्याकडे आहे.

आज सकाळी किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. इंजिननं दुसऱ्या झटक्याला पकडलं, दिवा विझला. डॅशखाली हात घालून तुला चाचपलं. थंड होतीस.

कळावे,
तुझा अपराधी
जीपवाला