वरचा प्लग

आमच्या जिप्सीच्या ट्रान्सफर केसचा वरचा प्लग इतकी वर्षं मीच उघडत आलो. गाडी 1998 ची, जिप्सी किंग. दिवाळीनंतर उजवा खांदा आखडला. आता गाडीखाली उताणं पडलं की हात कानाच्या वर जात नाही.

ड्रेन प्लगचं काही नाही, तो खाली तोंड करून बसलेला. खरी परीक्षा भरायच्या प्लगची. वर फ्लोअर, बाजूला चेसिस आणि मधल्या फटीत तो. पाना बसतो, पण फिरतो जेमतेम. काढायचा, पालथा करून पुन्हा बसवायचा. डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं बोटांच्या पेरांवर. बरं, गाडी उचलावी तर आणखी पंचाईत. नुसता पुढचा भाग घोड्यांवर चढवला की केसमधलं ऑइल मागे सरकतं आणि पातळी खोटी लागते. हात जायला उंची हवी, पातळीला सपाटी हवी. म्हणून मी चार घोड्या घेतल्या आणि अंगणातली फरशी पाणसळीने तपासून मगच गाडी चढवतो. एक लिटरही न लागणाऱ्या ऑइलसाठी एवढा खटाटोप कशाला, असं घरचे विचारतात.

कारण पावसाळ्यात आम्ही कोयनेच्या बॅकवॉटरकडच्या ओढ्यांतून जातो. घाट चढून तापलेली केस गार पाण्यात शिरली की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, थकलेल्या सीलमधून पाणी ओढून घेते. मग ऑइल दुधाळ होतं. असं ऑइल एकदा मी ट्रेमध्ये पाहिलंय. त्याच्या महिनाभर आधी एका गॅरेजने ‘ऑइल बदललं’ म्हणून पैसे घेतले होते आणि वरच्या प्लगवरची माती जशीच्या तशी होती. हल्ली तर सरसकट इम्पॅक्ट गन लावतात. ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे गेले की ते गिऱ्हाईकाचं नशीब. जीएल-4 आणि जीएल-5 मधला फरकही कोणी विचारत नाही. गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना काय सोसतं, हे मेकॅनिकला माहीत नको?

यंदा भाची आली होती. तिचा हात लहान, मनगट लवचिक. मी बाहेर स्टुलावर बसून सांगत होतो, ‘आधी वरचा सोड, मगच खालचा.’

‘मामा, दहा वेळा सांगितलंस,’ ती आतून म्हणाली.

तिने दाढीचा आरसा चेसिसला टेकवून ठेवला, पाना कुठे बसतो ते एकदा पाहिलं आणि काम सुरू केलं. आरसा! मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. सुचला असता तरी वापरला असता का? न बघता प्लग सापडतो, याचाच मला अभिमान होता. मित्र जमले की मी मुद्दाम गाडीखाली शिरून डोळे मिटून तो उघडून दाखवायचो.

ऑइलची बाटली तिने कोमट पाण्यात ठेवली होती. दाराला फनेल टांगून नळी खाली सोडली. घट्ट धार सावकाश उतरत होती. भोकातून ऑइल ओघळायला लागल्यावर तिने हाक मारली, ‘आलं.’ प्लग बसवून ती हात धुवायला गेली.

रात्री सगळे झोपल्यावर मी बॅटरी घेऊन गाडीखाली गेलो. डाव्या हाताने पाना लावला. प्लग हवा तेवढाच घट्ट होता. तरीही मी तो किंचित आवळला. गरज नव्हती. आटे जाण्याचा धोका मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होता. सकाळी तिला ते सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.