झाकणाखालची मुळं

झाडाची मुळं आपण पाहतो ती बहुधा झाड उपटल्यावर. तण काढताना, पावसाळ्यात एखादा गुलमोहर आडवा झाल्यावर, नाहीतर पालकाच्या जुडीवरचा चिखल धुताना. जिवंत, कामात गढलेलं मूळ कुंडीत बाग फुलवणाऱ्यालाही सहसा दिसत नाही. माझ्या ग्रिलमधल्या डब्यांत ते रोज दिसतं, आणि मातीविना भाजी लावण्याचं मला खरं वेड लागलं ते त्यामुळेच.

रीत सोपी. झाकणाला भोकं पाडून त्यांत जाळीचे छोटे कप बसवायचे, कपात कोकोपीट, कोकोपीटमध्ये रोप. खताचं पाणी कपाच्या बुडाला टेकेल इतकं भरायचं. पंप नको, वीज नको. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी ही न वाहत्या पाण्याची पद्धत विकसित केली. एकदा भरलेल्या पाण्यावर लेट्यूसचं पूर्ण पीक निघतं.

हे कसं जमतं, ते समजलं तेव्हा मी थक्क झाले. मुळांनाही श्वास लागतो; सगळीच पाण्यात बुडून राहिली तर गुदमरतात, कुजतात. पण रोप पाणी पीत जातं तशी पातळी उतरते आणि वर ओलसर हवेची पोकळी तयार होते. तिथं लोंबणारी मुळं हवा घेतात, खालची अन्नपाणी. म्हणून पाणी कमी झालेलं दिसलं तरी डबा पुन्हा काठोकाठ भरायचा नाही. हवेला सरावलेली मुळं बुडाली की रोप मान टाकतं. ती पोकळी रोपानं पिऊन पिऊन स्वतःसाठी मिळवलेली असते.

सकाळी झाकण अलगद उचलते. वरच्या अंगाला बारीक मुळांची दाटी, नीट निरखलं तरच दिसेल अशी त्यांवरची पांढरी लव. खाली पाण्यात शिरलेली मुळं लांब, सुटी, टोकाशी इतकी कोवळी की उजेड आरपार जावा. वास कसलाच नाही, आणि हीच त्यांची खुशाली. फार वेळ बघत बसता मात्र येत नाही. उजेड शिरला की पाण्यात शेवाळ धरतं, म्हणून डबे बाहेरून काळे रंगवलेत. कपाभोवतीच्या फटीही बुजवाव्या लागतात, नाहीतर डासांचं फावतं.

‘मातीशिवाय भाजीला चव कुठून येणार?’ असं शेजारच्या काकू विचारतात. मी त्यांना समुद्रमेथीची आठवण करून देते. मुंबईच्या किनाऱ्यालगत वाळूत वाढणारी, मुळांसकट इवल्या जुड्यांनी विकली जाणारी ती मेथी त्या स्वतः हौसेनं घेतात. पण प्रश्न खराच आहे, आणि जुनाही. 1699 मध्ये इंग्लंडच्या जॉन वुडवर्ड यांनी पुदिना निरनिराळ्या पाण्यांत वाढवला. पावसाच्या पाण्यापेक्षा माती कालवलेल्या पाण्यात तो अधिक जोमानं वाढला. झाडाला मातीतलं काहीतरी हवं असतं, हे त्यांनी ओळखलं. ते काहीतरी म्हणजे क्षार, हे एकोणिसाव्या शतकात जर्मनीत सॅक्स आणि क्नॉप यांनी क्षारांच्या पाण्यात रोपं वाढवून दाखवलं. आपल्याकडे शोल्टो डग्लस यांनी 1940च्या दशकात बंगालमध्ये मातीविना पिकं घेण्याची साध्या साधनांची पद्धत बसवली. तिच्यावरचं त्यांचं पुस्तक 1951चं.

ते क्षार माझ्याकडे दोन बाटल्यांत येतात. दोन्ही घट्ट द्रावणं थेट एकत्र केली, तर एकीतलं कॅल्शियम दुसरीतल्या फॉस्फेट-सल्फेटला धरून पांढरा साका होऊन तळाशी बसतं आणि झाडाच्या उपयोगाचं राहत नाही. म्हणून डब्यात आधी पाणी, मग एक द्रावण, छान ढवळणं, मग दुसरं. पाण्याचा सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान ठेवायचा. अशा भाजीसाठी मिळणारे रंगीत दिव्यांचे महागडे मनोरे मला नकोसे वाटतात. खिडकीत चार-पाच तास ऊन येत असेल तर पालेभाजीला तेवढं पुरतं. ज्वारी-बाजरी मात्र शेतातच पिकणार, आणि शेतकऱ्याचे कष्ट या डब्यांनी हलके होत नाहीत.

पालकाची बाहेरची पानं खुडायची, मधला कोंब ठेवायचा. तो पुन्हा फुटतो. उन्हाळ्यात पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, लेट्यूस कडवट होऊन फुलावर येतो. यंदा त्या दिवसांत डबे आतल्या बाजूला सरकवून पुदिना लावायचा बेत आहे. बाजारच्या जुडीतल्या जाडसर काड्या पाण्यात ठेवल्या तरी मुळं फुटतात, आणि चटणीपुरते शेंडे खुडत राहिलं की तो अधिकच फुटवे धरतो.