घनाकृतीचा इतिहास

इतिहासाच्या शिक्षकाचे संगणक कक्षात काय काम, असे आम्हांस अनेकदा विचारले गेले आहे. दहावीच्या महत्त्वमापनातील इष्टिकाचिती, वृत्तचिती, शंकू आणि गोल या घनाकृती मुले ‘फ्रीकॅड’ या विनामूल्य संगणकप्रणालीत घडवू लागली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसून आम्हीही शिकलो. हे काम आमच्या विषयाच्या फार जवळचे आहे, असे तेव्हा ध्यानी आले.

कागदावरची आकृती म्हणजे रेषांची मांडणी. प्रणालीतील घनाकृतीला मात्र आत आणि बाहेर असते. तिचे घनफळ काढता येते. त्यासाठी तिची सीमा पूर्ण बंद असावी लागते. पायाच्या रेखाटनात केसाएवढी फट राहिली, तरी त्याला उंची देऊन भरीव आकार होत नाही.

घनाकृतींवर मुख्य क्रिया तीन : जोडणे, वजा करणे आणि सामाईक भाग राखणे. मुलांनी सांचीचा स्तूप केला, तो बेरजेने. मेधीसाठी वृत्तचिती, तीवर अंडाचा अर्धगोल, माथ्यावर हर्मिकेची इष्टिकाचिती. कार्ल्याचे चैत्यगृह वजाबाकीचे. तेथे दगडावर दगड रचलेला नाही; डोंगरातून नको तो दगड काढला आणि स्तूप शिल्लक ठेवला. बेरजेत क्रम उलटला तरी चालतो. वजाबाकीत मात्र डोंगरातून पोकळी वजा करण्याऐवजी पोकळीतून डोंगर वजा केला, तर हाती काहीच उरत नाही. सांचीचा स्तूप भरीव, नागपूरच्या दीक्षाभूमीचा पोकळ. म्हणून तेथे उपासक आत जाऊन वंदना करू शकतात. असा घुमट करताना भिंतीची जाडी ठरवून आतला भाग काढून टाकावा लागतो.

पडद्याच्या कडेला या सर्व पायऱ्या क्रमाने नोंदलेल्या राहतात. नंतरची मापे मेधीच्या त्रिज्येशी बांधलेली असतील, तर ती एक त्रिज्या बदलताच सारा स्तूप नव्याने उभा राहतो. न बांधलेली मापे जागीच राहतात आणि अंड मेधीवर नीट बसत नाही. प्रणाली भागांना ‘सिलिंडर ००१’ अशी नावे आपोआप देते. आम्ही मुलांना मेधी, अंड, हर्मिका अशी नावे लिहावयास लावतो. कारण निनावी भाग पुढच्या माणसाला सापडत नाही. ज्यांच्या पूर्वजांचे श्रम इतिहासात निनावी राहिले, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले. त्याच वर्षी सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. केवळ कला आणि कायदा शिकून भागणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. आज नगरच्या औद्योगिक वसाहतीत आमचे माजी विद्यार्थी यंत्रावर उभे राहून दुसऱ्याने आखलेला भाग कापतात. ते कष्ट सन्मानाचेच आहेत. परंतु त्या भागाचे पहिले माप कोणी ठरवावे, हा प्रश्न आमच्या मुलांनी विचारला पाहिजे.

पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुले येथे राहतात, म्हणून त्यांची शाळा दिवाळीनंतर तुटत नाही. त्यांना वसतिगृह मिळाले, तसाच संगणकही मिळाला पाहिजे. तालुक्याच्या गावी पैसे भरून वर्ग लावणे त्यांच्या पालकांना झेपणारे नाही.

स्तूपाच्या आणि लेण्यांच्या फायली, भागांच्या नावांसह, आम्ही पुढील तुकडीसाठी जतन केल्या आहेत. मुलांनो, त्या उघडा, पायऱ्या क्रमाने वाचा आणि पहिले माप स्वतः बदलून पाहा.

जय भीम!