अध्यक्षांचा फेटा

खंडेनवमी. सकाळपासून डोक्यावर फेटा. कुरकुंभच्या कारखानदार संघटनेचा अध्यक्ष झाल्यापासून माझा संबंध रसायनांपेक्षा नारळांशीच जास्त येतो. एकीकडे रिअॅक्टरला झेंडूचा हार, दुसरीकडे बॉयलरपुढे हळदकुंकू, मग फिरंगाईमातेचं दर्शन. प्लांटच्या दारात मात्र फेटा उतरवून हेल्मेट घालतो. यजमान हिरमुसतात, पण तिथे मी ऐकत नाही. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, कामगारांपुढे शपथ मीच वाचतो. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली त्याच तारखेला स्थापन झाली.

लंडनमध्ये जुन्या व्यापारी-कारागीर संघांचे प्रमुख झगा घालून मेजवान्यांना जातात. कोणाचा मान आधी, हे तिथे १५१५ सालीच ठरलं, पहिला मर्सर्सचा, म्हणजे कापड व्यापाऱ्यांच्या संघाचा. आमच्याकडे ते प्रत्येक व्यासपीठावर नव्याने ठरतं, आणि खुर्च्या हलतात.

शाली कपाटात मावत नाहीत. तक्रार नाही, हारतुरे झाल्यावर चहाच्या कपावर गावकरी पाण्याचं, वासाचं बोलतात, जे बैठकीत कधीच बोलत नाहीत.

उद्या दसरा. सोनं द्यायला कुणाकडे जायचं, त्याची यादी हिने केलीय. सरपंच पहिले.