आमच्या घरी लेथ आला

माणूस निवृत्त झाला म्हणजे त्याने काय करावे याची यादी आपल्या लोकांत ठरलेली आहे. घरावर स्लॅब टाकावा, उरलेल्या पैशाची पोस्टात ठेव करावी, सकाळी फिरायला जावे आणि नातवंडांना शाळेत सोडावे. आम्ही उभयतांनी ही यादी बरीचशी पाळली. फक्त स्लॅबच्या पैशांतून ८६ हजार बाजूला काढले आणि एक छोटा लेथ घेतला, धातू कातण्याचा. अमरावतीच्या घरात मागच्या खोलीत तो बसवला. यावरून अमरावतीपासून अकोल्यापर्यंत आमच्या नात्यागोत्यात जी चर्चा झाली, ती एखाद्या सोयरिकीवरही होत नाही. म्हणून हा प्रकार लिहून काढतो. कोणाच्या मनात असेच काही असेल तर त्यालाही उपयोग होईल.

आमच्यापैकी एक आय.टी.आय.मधून टर्नर होऊन बाहेर पडलेले आणि ३४ वर्षे कारखान्यात लेथपुढे उभे राहिलेले. दुसऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तेव्हा लेथ घ्यायचे ठरले ते एकाच्या हौसेने, पण पैसे दोघांचे होते आणि वादही दोघांनी मिळून घातला.

ज्यांनी लेथ पाहिला नाही त्यांनी कुंभाराचे चाक आडवे केले आहे असे समजावे. मातीच्या जागी लोखंडाची किंवा पितळेची कांब, ती चकमध्ये घट्ट धरलेली आणि गरगर फिरणारी. हाताच्या जागी पोलादाचे धारदार टूल. टूल पुढे सरकवले की धातूचे कुरळे कीस निघतात आणि कांब हवी तेवढी बारीक होते. इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले याने १८००च्या सुमारास आटे अचूक कापणारा लेथ केला आणि तिथून यंत्रे करणारी यंत्रे वाढत गेली. लेथला यंत्रांची आई म्हणतात ते यामुळेच. स्वतःचे कितीतरी भाग लेथ स्वतःच कातू शकतो. आपल्या देशात हरिहरला म्हैसूर किर्लोस्करचे लेथ १९४१पासून, आणि १९५३ साली स्थापन झालेल्या एच.एम.टी.ने बंगळूरला आपल्या कामाची सुरुवातच लेथपासून केली. वऱ्हाडात लेथ रुळला तो कापसाच्या पाठीमागून. जिन चालायचा म्हणजे शाफ्ट झिजायचे, बुश बदलायचे, आणि त्यासाठी आवारात एक काळवंडलेले वर्कशॉप असायचे.

अकोल्याच्या दादांनी, म्हणजे बाईंच्या थोरल्या भावाने, बातमी कळताच फोनवर विचारले, “काहाले जी? जन्मभर तेच केलं, आता घरीही तेच?”

प्रश्न खोटा नव्हता. आम्ही त्यावर दोन-तीन रात्री बोललो. ३४ वर्षांत यांच्या हातून किती बुश, किती पिना, किती शाफ्ट निघाले त्याची गणती नाही. पण त्यांतली एकही वस्तू स्वतःसाठी नव्हती. ड्रॉइंग दुसऱ्याचे, माल दुसऱ्याचा, वेळ घड्याळाची. घरच्या कडीसाठी एक पितळी मूठ कातावी म्हटले तरी सुटताना गेटवर डबा उघडून दाखवावा लागे. हात कुशल होते, पण ते आठ तास भाड्याने दिलेले होते. शाळेतली नोकरी तरी काय वेगळी? तिथेही वेळापत्रक वरूनच यायचे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ सालच्या आपल्या काँग्रेस आणि गांधींवरच्या इंग्रजी पुस्तकात यंत्राची बाजू घेतली आहे, ती बहुतेकांना ठाऊक आहे. यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसत मिळाल्याखेरीज गरीब माणूस पशूच्या जिण्यातून वर येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ते नुसते लिहून थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४६ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८वर आला आणि हंगामी कारखान्यांतला ६० तासांवरून ५०वर. आपले जिन हंगामी कारखान्यांतच मोडत. आमच्या सासऱ्यांनी जिनात बोंड वाहिले. त्यांना मिळालेले ते जादा तास झोपेत आणि विडीत गेले असतील, त्याला आमची हरकत नाही. तिकडे इंग्लंडात त्याच सुमारास मायफोर्डचे छोटे लेथ बाजारात आले आणि साधे नोकरदार लोक घरामागच्या शेडमध्ये वाफेची इंजिने करत बसले. छंदासाठी यंत्र घेणे ही काही श्रीमंतांची मिजास नव्हे. दादांना आम्ही इतके सगळे सांगितले नाही. “आता वेळ आमची हाय,” एवढेच म्हटले.

पण नुसते ठरवून यंत्र घरी येत नाही. पहिल्यांदा आम्ही जुना लेथ पाहायला अकोल्याला गेलो. मूर्तिजापूरवरून जाणारा हा रस्ता आता गुळगुळीत आहे. २०२२च्या जूनमध्ये याच रस्त्यावर सलग ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा गिनेस विक्रम झाला. एम.आय.डी.सी.तले एक वर्कशॉप बंद झाले होते. तिथे साडेचार फुटी, पट्ट्यावर चालणारा लेथ ४० हजारांत मिळत होता. यंत्र जातिवंत, बीड जुने आणि मुरलेले. यांचे डोळेच लकाकले. मात्र जुना लेथ पाहायची रीत आहे. बेड सगळीकडे सारखा झिजत नाही. रोजचे काम चकजवळ होते, म्हणून तिथे जास्त झिजतो. कॅरेज चकजवळ आणून पट्ट्या अशा आवळायच्या की खेळ राहू नये, आणि मग ते टेलस्टॉककडे न्यायचे. तिकडे जाऊन अडकले तर बेड गेला समजावे. ते अर्ध्यावरच अडकले. शिवाय वजन पाचेकशे किलो, मोटर थ्री फेजची आणि आमच्या घरचे मीटर सिंगल फेजचे. ड्राइव्ह लावून सिंगल फेजवर थ्री फेजची मोटर चालवता येते, पण झिजलेल्या बेडला ड्राइव्ह लावून काय होणार? चहा पिऊन आम्ही परत आलो. गाडीत कोणी फारसे बोलले नाही.

मग नवा, टेबलावर बसणारा लेथ घ्यायचे ठरले. चीनमधून येणारे असे लेथ आता आपल्याकडे सहज मिळतात. आमच्यावर १८० मिलिमीटर व्यासापर्यंतची वस्तू फिरते, दोन सेंटरांमधले अंतर ३०० मिलिमीटर, मोटर ५५० वॉटची, वजन चाळीसेक किलो. कारखान्यातल्या लेथपुढे हे खेळणेच, आणि तसे समजूनच घ्यावे. लोखंडावर एका वेळी अर्धा मिलिमीटर कट घेतला तरी तो कुरकुरतो. अंगात जोर नाही, पण आम्हाला कुठे ट्रॅक्टरचे शाफ्ट कातायचे आहेत? विक्रेत्याने “सगळं जमतं” असे सांगितले तर ऐकून घ्यावे आणि स्वतःला विचारावे की आपल्याला कातायचे काय. ते ठरले की यंत्राचे माप आपोआप ठरते.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी बोलत नाही. लेथ म्हणजे अर्धाच खर्च. टूल, चार जबड्यांचा चक, ड्रिल चक, व्हर्नियर, डायल गेज, बसवायला लोखंडी टेबल, पक्के अर्थिंग, असे करता करता आणखी ३० हजार गेले. बाईंनी त्या खर्चाची वेगळी वही केली आहे आणि ती लेथशेजारीच टांगलेली असते. पेटी उघडल्यावर सगळे भाग घासलेटने धुतले, पट्ट्या नव्याने बसवल्या, डायल गेज लावून चक किती वाकडा फिरतो ते पाहिले. हे दोन दिवसांचे काम आहे आणि ते टाळू नये. नवे यंत्र दुकानातून तयार होऊन येते असे नाही, ते घरी तयार करावे लागते.

बाईही शिकल्या. गणित त्यांच्या हातातले. माइल्ड स्टील साध्या हायस्पीड टूलने मिनिटाला २५ मीटर वेगाने कापावे, असे धरले तर २५ मिलिमीटर जाडीच्या कांबीला साधारण ३२० फेरे येतात. कांब निम्मी बारीक केली की फेरे दुप्पट. पितळेला त्याहून खूप जास्त चालतात. हे कोष्टक त्यांनी खडूने भिंतीवर लिहिले आहे. लेथजवळ साडी नाही, पदर नाही, ओढणी नाही, बांगड्या नाहीत, केस बांधलेले, डोळ्यांवर चष्मा. हातमोजे तर मुळीच नाहीत, कारण मोजा अडकला तर हातासकट ओढला जातो. आणि चकची चावी चकमध्ये सोडून कोणी हात काढायचा नाही, अगदी क्षणभरही नाही. हा नियम पाहुण्यांनाही लागू आहे.

पहिली वस्तू निघाली तो पितळी भोवरा. दुसरी कडीची मूठ, जी ३४ वर्षे राहून गेली होती. मग गल्लीत बातमी पसरली आणि लोक कामे घेऊन येऊ लागले. कोणाच्या पंख्याचा बुश, कोणाच्या कुलरच्या पंपाची पिन. इथे आमच्यात खरा मतभेद झाला. बाईंचे म्हणणे, कसब फुकट का वाटायचे? आपल्या लोकांचे कसब पुष्कळ फुकट गेले आहे. यांचे म्हणणे, पैसे घेतले की वेळ पुन्हा दुसऱ्याची झाली, मग तारीख आली, मग तगादा आला. हा वाद अजून मिटलेला नाही. सध्या शेजारधर्माचे काम मालाच्या किमतीत होते, आणि कधी देणार हे विचारायचे नाही अशी अट आहे. काहीजण रागावून बाजारात जातात. जावोत.

मोठे काम चालू आहे ते इंजिनाचे. मूर्तिजापूरच्या शकुंतलेला वाफेचे इंजिन होते. मँचेस्टरला १९२१ साली घडलेले ते इंजिन १९९४पर्यंत चालले, मग डिझेल आले. लहानपणी मामाच्या गावी जाताना त्याचा धूर डोळ्यांत गेलेला आम्हा दोघांनाही आठवतो. तसे इंजिन करणे आमच्या आवाक्यातले नाही. आम्ही सर्वांत सोपे करतो आहोत, ज्यात सिलिंडरच डुलतो आणि डुलताना वाफेची वाट उघडतो, मिटतो. सिलिंडरचा भोक १२ मिलिमीटर. फ्लायव्हील बिडाचे, ते झाले. पिस्टन झाला. फुंकर मारली की चाक दोन-तीन वेढे घेते आणि थांबते, कारण सिलिंडर जिथे पाठीला टेकतो ती बाजू पुरती सपाट नाही आणि हवा तिथून निसटते. काचेवर बारीक एमरी पेपर ठेवून, तेल लावून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे ती बाजू घासत बसायचे आहे. संध्याकाळी आम्ही आळीपाळीने घासतो. अकोल्याहून नात परीक्षा आटोपली की येणार आहे. तिने फोनवर बजावले आहे की इंजिनाला शिटी पाहिजे. शिटीसाठी सहा मिलिमीटरची पितळी नळी लागेल. ती अमरावतीत मिळाली नाही, म्हणून दादांनाच सांगितले आहे. काहाले जी म्हणत म्हणत तेही भंगार बाजारात शोधत आहेत.