पोहोचतानाचा वेग

बंदुकीबद्दल माणूस सगळ्यात आधी विचारतो ते तिच्या जोराबद्दल. किती लांब जाते, किती आत शिरते, केवढ्या जनावराला पाडते. मी वन्यप्राण्यांचा डॉक्टर आहे आणि माझी बंदूक औषधाची सुई फेकते, तरी तिच्याबद्दलही हेच विचारलं जातं. नागपूरच्या भोवती पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, ताडोबा, नवेगाव-नागझिरा असा जंगलांचा वेढा आहे. धानाच्या बांधीत वाघ बसला किंवा गोठ्यात बिबट्या शिरला, की भुलीची बंदूक बाहेर निघते. ती चालवायला शिकणाऱ्या वनरक्षकांना मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आलो आहे. नळीतून निघताना किती वेग होता ते नुसतं बघू नका, पोहोचताना किती उरला ते बघा.

हल्ली या पोरांच्या मोबाइलवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या चित्रफिती असतात. भलं मोठं रिव्हॉल्व्हर, त्यावर दुर्बीण आणि समोर हरीण नाहीतर रानडुक्कर. त्यातून प्रश्न येतो, "सर, नळी आठ इंचाची हाये म्हणून गोळी जोरात लागते म्हणते तो. मंग आपल्या बंदुकीची नळी वाढवली तर डार्ट अजून दुरून नाही मारता येनार का जी?" हा प्रश्न मला फार आवडतो. त्याचं अर्धं उत्तर त्या मॅग्नम काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आहे आणि उरलेलं अर्धं आमच्या बंदुकीत.

.३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ साली आलं, आणि त्याचं पहिलं रिव्हॉल्व्हर तब्बल पावणेनऊ इंची नळीचं होतं. कारण साधं होतं. या काडतुसातली दारू सावकाश जळणारी असते. तिचा वायू गोळीला जितका वेळ मागून रेटत राहील, तितका वेग चढत जातो. झोक्याला एक धक्का देऊन हात काढला तर तो थोडा जातो, हात शेवटपर्यंत मागे ठेवला तर उंच जातो, तसंच. नळी आखूड असली की दारू पुरती जळायच्या आत गोळी बाहेर पडते. उरलेली दारू तोंडाशी भपकन जाळ होऊन संपते, गोळीच्या उपयोगी पडत नाही. साधारण १० ग्रॅमची तीच गोळी चार इंची नळीतून सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास जाते. त्याच काडतुसाच्या अठरा इंची रायफलीतून ती ५५० मीटरच्या घरात पोहोचते. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे पहिलीची ७२० ज्यूल तर दुसरीची १५०० हून जास्त भरते. गोळी तीच, दारू तीच, नुसत्या नळीने ऊर्जा दुप्पट केली.

अर्थात नळी वाढवत नेली म्हणून वेग वाढतच जातो असंही नाही. वायू पसरतो तसा त्याचा दाब उतरतो, आणि नळीच्या अंगाशी घासण्याचा विरोध मात्र कायम राहतो. दोन्ही बरोबरीला आले की पुढची नळी गोळीला उलट धरून ठेवते. .२२ च्या छोट्या काडतुसात ही वेळ साधारण सोळा इंचांनंतर येते. रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक गळती असते. काडतुसांचं चाक आणि नळी यांच्यामध्ये फट असते, तिथून थोडा वायू निसटतो. शिवाय रिव्हॉल्व्हरची नळी मोजतात ती या फटीपुढे, तर एकबारी पिस्तुलाच्या लांबीत काडतुसाचं घरही धरतात. म्हणून दोन हत्यारांवर आठ इंच लिहिलेलं असलं तरी गोळीला मिळणारी वाट सारखी नसते.

इथपर्यंतचं पोरांना पटकन कळतं. अडचण पुढे येते. जास्त वेग म्हणजे जास्त चांगला परिणाम, हे खरं नाही. शिकारीच्या काही गोळ्यांचं तोंड पोकळ असतं. अंगात शिरल्यावर ते तोंड फुलावं, जखम रुंद व्हावी आणि जनावर लवकर मरावं, असा हेतू असतो. हे फुलणं वेगाच्या एका ठरावीक पट्ट्यातच घडतं. आखूड नळीतून ती सावकाश आली तर तोंड उमलतच नाही. रिव्हॉल्व्हरच्या वेगासाठी घडवलेली तीच गोळी रायफलीतून फार वेगात आली, तर कातडीखालीच फुटून पसरते आणि मर्मापर्यंत जातच नाही. म्हणून .४४ मॅग्नमच्या जन्माशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, ते एल्मर कीथ कठीण शिशाच्या, सपाट तोंडाच्या, न फुलणाऱ्या जड गोळीचा आग्रह धरत. नळी निवडायची, मग त्या नळीच्या वेगाला साजेशी गोळी निवडायची, आणि त्या जोडीला जेवढं अंतर झेपेल तेवढ्याच अंतरावरून बार करायचा. जबाबदार शिकारी ही तीन कामं एकत्रच करतो.

हा विचार आपल्या मुलखाला परका नाही. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. त्या प्रांताच्या वनखात्यात काम केलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचं सातपुड्याच्या जंगलांवरचं पुस्तक अनेकांना ठाऊक असतं. शिकारी रायफल आणि तिची गोळी याच विषयावर त्यांनी १८६३ मध्ये एक वेगळं पुस्तक लिहिलं होतं, ते फारसं कोणी वाचत नाही. आपल्याकडच्या जंगलात जनावर दिसतं ते जवळून, झाडोऱ्यात आणि क्षणभर. एवढं ओळखून त्यांनी भरपूर दारू, गोल गोळी आणि नळीच्या आतल्या आट्यांचा अगदी मंद पीळ यांची बाजू घेतली. लांब पल्ल्याचा मोह त्यांनी सोडला, कारण इथल्या झाडीत त्याला काम नव्हतं. त्याच काळात हत्तीवरच्या हौद्यात साहेब लोक जाड, आखूड, दुनळी पिस्तूल ठेवत. जखमी वाघ हत्तीच्या मस्तकावर चढला तर हातभर अंतरावरून झाडायला. तिथे आखूड नळी बरोबरच होती. हौद्याच्या अडचणीत लांब नळी फिरवायला जागा नव्हती, आणि गोळीला जायचं होतं ते अवघं दोन-चार फूट.

आता आमची बंदूक. तिच्यात दारू नसते, कार्बन डायऑक्साइड असतो. प्रेशर गेजवर दाब बघायचा, अंतराप्रमाणे तो चढवायचा किंवा उतरवायचा. नळी आतून गुळगुळीत असते, कारण डार्टला पीळ लागत नाही. मागचा रंगीत झुबका हवेत त्याला सरळ धरतो. डार्टमध्ये दोन कप्पे असतात. पुढच्यात औषध, मागच्यात दाबून भरलेली हवा. सुईचं टोक बंद असतं, भोक बाजूला असतं, आणि त्यावर सिलिकॉनची छोटी बाही असते. सुई कातडीत शिरली की बाही मागे सरकते, भोक उघडतं आणि हवा दट्ट्याला ढकलून औषध स्नायूत उतरवते. सेकंदभराच्या आत सगळं होतं.

भरलेल्या डार्टचं वजनही साधारण १० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्या मॅग्नम गोळीएवढंच. वेग मात्र सेकंदाला ६० मीटर धरा. ऊर्जा निघते १८ ज्यूल, म्हणजे त्या गोळीच्या चाळिसाव्या हिश्शाएवढी. याहून फार जास्त झाली तर डार्ट हाड मोडतो, पोटाच्या पोकळीत घुसतो, मांसात रक्त साकळवतो. कमी झाली तर बाही सरकत नाही, डार्ट आपटून खाली पडतो किंवा अर्धंच औषध जातं. अर्धं औषध गेलेला वाघ हा सगळ्यात वाईट प्रसंग असतो. तो झोपत नाही आणि ताळ्यावरही राहत नाही.

मग लांब नळीचा आम्हाला काय फायदा? दाब वाढवून हवा तो वेग आखूड नळीतूनही मिळवता येतो. पण हिशेब करून पाहा. सेकंदाला ६० मीटर हा वेग एक मीटर लांबीच्या नळीत मिळवायचा, तर डार्टला गुरुत्वाच्या सुमारे १८० पट त्वरण सोसावं लागतं. पंचवीस सेंटिमीटरच्या पिस्तुलात तोच वेग मिळवायचा तर सातशेपटीहून जास्त. सुई, बाही, दाबलेली हवा आणि औषध असलेल्या त्या नाजूक नळकांड्याला एवढा हिसका नको असतो. गोळीवाल्याची लांब नळी जोर वाढवते. आमची लांब नळी तोच वेग कमी दाबात, हळुवार देते, आणि आवाजही कमी करते. पिंजऱ्यातल्या बिबट्यासाठी आम्ही फुंकनळी वापरतो, ती तर माणसाएवढी लांब असू शकते. फुंकरीचा दाब इतका थोडा की त्याला बराच वेळ रेटू द्यावं लागतं. डार्टचं पिस्तूल मिळतं, पण ते मी पिंजऱ्याजवळच्या, हातभर अंतराच्या कामालाच घेतो.

"अजून दुरून" याचं उत्तरही याच आकड्यांत आहे. २५ मीटर जायला मॅग्नमच्या गोळीला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो आणि ती जेमतेम दोन सेंटिमीटर खाली येते. डार्टला चार दशांश सेकंदाहून जास्त वेळ लागतो आणि तो पाऊण मीटरहून जास्त उतरतो. तेवढ्यात वाघ एक पाऊल टाकतो, आणि मांडीवर नेम धरलेला डार्ट बरगडीवर जातो. म्हणून मी जवळ जातो, वाट बघतो, जनावर थांबेपर्यंत चापाला बोट लावत नाही. वडसा वनक्षेत्रात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सीटी-१ या वाघाला बेशुद्ध करून पकडलं आणि नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात आणलं. त्याच्या हल्ल्यांत तेरा माणसांचा जीव गेला होता. माणसं गेलेल्या गावांचा राग, पाऊस संपतानाचं दाट रान आणि वरून येणारा दबाव. असा वाघ जिवंत हाती लागतो तो माग काढणाऱ्यांच्या चिकाटीने आणि योग्य अंतराची वाट बघण्याने.

नागपूरच्या उन्हाचाही हिशेब धरावा लागतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर असताना गॅस भरलेली बंदूक उघड्या जीपवर ठेवली, तर आतला दाब आपोआप चढतो. सकाळी बरोबर असलेलं गेज दुपारी खोटं बोलू लागतं. म्हणून बार करण्याच्या आधी पुन्हा बघायचं, नेहमी. आणि शक्यतो दुपारी करायचंच नाही. झायलेझिन-केटामिनच्या भुलीत जनावराला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही, आपणच त्याला सावली आणि पाणी द्यायचं असतं.

उमरेडकडच्या एका शेतकऱ्याने मला विचारलं होतं, परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे, परवानगी मिळाली तर पीक उकरणाऱ्या डुकराला त्याने मारू का? आपल्याकडे परवान्यावर मिळणारं ते बहुधा कानपूरचं .३२ बोअरचं, आखूड नळीचं. त्या जातीच्या गोळीची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास असते. जाड कातडी आणि चरबीच्या रानडुकराला ती मारत नाही, जखमी करून सोडते. "नका मारू भाऊ," मी म्हटलं, "तेच डुक्कर उद्या निंदणाऱ्या बायांवर येईल." १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांनी चंपावतची वाघीण मारली, तेव्हा तिचे उजवीकडचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले आढळले होते. अपुरी पोहोचलेली गोळी तिथेच संपत नाही. पुढे कित्येक वर्षं ती माणसांची आणि जनावराची पाठ धरते.

१९७२ च्या कायद्याने आपल्याकडची हौसेची शिकार संपवली, आणि ते योग्यच झालं. वाघासारख्या प्राण्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही अशी खात्री झाल्याशिवाय मुख्य वन्यजीव रक्षकाला त्याला मारण्याचा आदेश देता येत नाही. याचा अर्थ, गोळीच्या आधी डार्टची पाळी येते. पांढरकवड्याची टी-१ वाघीण, अवनी, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळीने मेली. तिचं शवविच्छेदन गोरेवाड्याला झालं, आणि तिच्या अंगावरचा डार्ट कधी, कसा लागला यावर चौकशा झाल्या. इतकं सगळं एका डार्टवर अवलंबून असताना, तो नीट पोहोचवण्याची विद्या नशिबावर सोडता येणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. भुलीची बंदूक ज्या ज्या वनविभागात आहे, तिथे प्रत्येक बंदुकीची स्वतंत्र वही असावी. कोणती नळी, कोणता डार्ट, किती औषध, गेजवर किती दाब, किती मीटर अंतर, सावलीत की उन्हात, आणि डार्ट लक्ष्यावर नेमका कुठे व किती खोल लागला, हे तिच्यात लिहावं. पाण्याने भरलेले डार्ट घेऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा सराव व्हावा, आणि जो प्रत्यक्ष जाणार त्यानेच तो करावा. नळी बदलली किंवा डार्टची बनावट बदलली, की वहीचं नवं पान सुरू करावं, जुने आकडे नव्या नळीला लावू नयेत. ज्या बंदुकीला अशी वही नाही, ती बंदूक बचावाच्या गाडीत चढवू नये, असं माझं ठाम मत आहे.